नागलीचा बार आणि पाण्याचा हिशोब

घरी धान्याचे बार करण्याच्या कृतींना आता तोटा नाही, आणि जवळजवळ प्रत्येकीत शेवटी एक उदार सूचना असते : सुकामेवा, बिया, फळं आवडीप्रमाणे घाला. ती शब्दशः पाळली की कधी कापताना भुगा होतो, कधी दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. मोकळीक खोटी नाही, पण ती चवीपुरती आहे. पाण्याच्या बाबतीत ती फारशी नाही, आणि बार टिकणार की मोडणार हे तिथेच ठरतं. नाशिक जिल्ह्यात या बारचं सामान दूरवर शोधायला नको. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर नागली (म्हणजेच नाचणी) आणि वरई पिकते, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं. अख्खं धान्य आणि त्याला धरून ठेवणारं गोड फळ, दोन्ही एकाच जिल्ह्यात.

आधी धान्य. तांदूळ सडता येतो, गव्हाचा कोंडा चाळून वेगळा करता येतो. नागलीचं तसं नाही. दाणा बारीक, आतला गर ठिसूळ आणि तपकिरी साल त्याला इतकी घट्ट की ती काढायला गेलं तर दाण्याचाच चुरा होतो. म्हणून गिरणीतलं नागलीचं पीठ सालीसकट असतं, ते आरोग्याच्या हौसेपेक्षा नाइलाजाने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्याचा मोठा वाटा सालीत असतो. कापडातून गाळलेलं नाचणीसत्त्व पचायला हलकं खरं, पण गाळताना तो वाटा चोथ्याबरोबर जातो. वरईची भगरही सहसा सडून, पांढरी होऊनच बाजारात येते. पाकिटावर ‘मिलेट’ लिहिलेलं असलं म्हणून आतलं धान्य अख्खं असतंच असं नाही.

नागलीत ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ आपणहून एकमेकांना धरत नाही. स्टार्च फुलून चिकट व्हायला भरपूर पाणी लागतं आणि बारच्या मिश्रणात ते नसतं. म्हणूनच पीठ नुसतं कालवून ओव्हनमध्ये ठेवलं तर कच्चट लागतं. आधी खमंग भाजून घेणं भाग आहे. लाह्यांची गोष्ट वेगळी : तिथे दाण्यातल्याच ओलाव्याची वाफ होऊन स्टार्च शिजतो. पिठाला धरून ठेवण्याचं काम मग साखरेवर आणि फळाच्या गरावर येतं. मनुका आणि खजुराच्या लगद्यात साखरेइतकेच पेक्टिन आणि तंतू कामाचे असतात. साखर पाणी स्वतःकडे बांधून ठेवते आणि जंतूंना लागणारं मोकळं पाणी उरू देत नाही. हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापाने मोजतात. ०.९ च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, ०.८ च्या खाली बहुतेक बुरशा थांबतात आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही.

आता अदलाबदलीचं गणित कळतं. समजा १०० ग्रॅम भाजलेलं नागलीचं पीठ, १०० ग्रॅम भाजलेले पोहे, १५० ग्रॅम मनुका-खजुराचा लगदा, ५० ग्रॅम गूळ, ६० ग्रॅम शेंगदाणे-तीळ आणि थोडं तूप घेतलं. शेंगदाण्यांच्या जागी भोपळ्याच्या बिया, पोह्यांच्या जागी ओट्स किंवा लाह्या, मनुकांच्या जागी सुके अंजीर चालतात. कोरड्याच्या जागी कोरडं आलं, चिकटाच्या जागी चिकट. पण त्याच १५० ग्रॅमच्या जागी केळं कुस्करून घातलं, तर मनुकांतल्या वीस-पंचवीस ग्रॅम पाण्याऐवजी शंभराहून अधिक ग्रॅम पाणी आत येतं. ओव्हनच्या अर्ध्या तासात ते जात नाही. हाती येतो तो मऊ केक. खायला उत्तम, पण डब्यात भरून ठेवायचा नव्हे. जवसाची पूड घालणाऱ्यांना वेगळा धोका आहे : तिचं तेल हवेत लवकर खवट होतं. बाजरीचं पीठ जुनं झालं की कडवट लागतं, त्यामागेही स्निग्धांशच असतो. दळताना सुटलेलं लायपेज हे विकर तो फोडतं. दाणे आधी भाजले तर विकराचा जोर ओसरतो.

हा शेवटी गोड पदार्थच, असा आक्षेप येईल, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. वरच्या मिश्रणाचे बारा बार केले तर प्रत्येकात साधारण १२ ग्रॅम साखर येते. तेवढ्याच वजनाच्या, निम्मा गूळ असलेल्या चिक्कीत ती १६-१७ ग्रॅम भरते. फरक आहे, पण मिरवण्याइतका नाही. कॅल्शियमचा तोरा तर आणखी उतरतो : एका बारमध्ये नागली जेमतेम आठ ग्रॅम, म्हणजे तिचं कॅल्शियम तीसेक मिलिग्रॅम, आणि प्रौढ माणसाची रोजची शिफारस हजार मिलिग्रॅमची. सालीसकट तीळ मूठभर वाढवले तर नागलीपेक्षा जास्त भर पडेल. बारला औषध समजण्यात अर्थ नाही. मैद्याच्या बिस्किटाच्या जागी तो आला तर तंतू आणि दाणे पोटात जातात, एवढंच त्याचं खरं मोल.

मग लाडू आणि चिक्की असताना हा खटाटोप कशाला? लाडू मुख्यतः तुपावर वळला जातो, चिक्की गुळाच्या कडक पाकावर उभी राहते. फळाच्या लगद्याने बांधलेल्या बारमध्ये दोन्ही कमी करता येतात, हा त्याचा फायदा, आणि त्याची किंमत कुरकुरीतपणात मोजावी लागते. मनुकांतला ओलावा डब्यात हळूहळू लाह्या-पोह्यांकडे सरकतो आणि ते मऊ पडतात. लाह्या आधी तुपावर परतून घेतल्या तर हे सावकाश होतं, थांबत नाही. आठवडाभर कुरकुरीत राहणारंच काही हवं असेल, तर मनुका बाजूला ठेवून पाक करायला घ्यावा.