गोधडी बारामतीची, बाळ पुण्याचे

घरी हाताने शिवलेली लहान मुलांची वस्तू बाजारात आणताना ती कोण वापरणार यापेक्षा ती कोण विकत घेणार आणि कोणत्या निमित्ताने घेणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कारण दुपटे, कुंची, झबले किंवा बाळाची गोधडी वापरणारे तान्हे मूल असले, तरी मराठी घरात ती वस्तू बहुधा आत्या, मावशी, आजी किंवा मामाकडून आहेर म्हणून येते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत शिलाई येणाऱ्या बायकांची वाण नाही, आणि नेमक्या याच कारणामुळे अशी वस्तू तिथल्या तिथे विकणे अवघड जाते. जिथे जुन्या लुगड्यांची वाकळ घरोघरी शिवली जात आली, तिथे तिच्यासाठी हजार रुपये मोजायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि तयार झालेच तर ओळखीपाळखीत पैसे घ्यायचे कसे, या संकोचाने विकणारीच किंमत पाडते.

गोधडीची रचना साधी असते. सुती साड्यांचे किंवा धोतरांचे थर एकावर एक अंथरून, कडा आत दुमडून, हाताने जवळजवळ धावदोरा घालत सगळे थर एकजीव केले जातात. कापड जितके वापरलेले, तितके ते मऊ आणि पाणी टिपणारे, म्हणून तान्ह्या मुलासाठी नव्यापेक्षा जुने कापड पसंत केले जाई. पॉलिस्टरच्या साड्या आल्यावर हा कच्चा माल घरातून हळूहळू आटला, कारण त्या विरत नाहीत आणि घामही टिपत नाहीत. दुसऱ्या बाजूने गोधडीकडे कलावस्तू म्हणून पाहिले जाऊ लागले, गीता खंडेलवाल यांच्यासारख्या अभ्यासक रजईकार बाईंनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि शहरातल्या ज्या घरांत शिवणारी आजी उरली नव्हती तिथे गोधडी ही विकत घेण्याची वस्तू झाली. या धंद्यातला नफा जन्मतो तो शिवता येणारे गाव आणि शिवता न येणारे शहर यांच्यातल्या अंतरातून. बारामतीपासून पुणे सुमारे शंभर किलोमीटर आहे, इंदापूर सोलापूर रस्त्याने त्याहून थोडे लांब.

हे अंतर कापण्याचा या भागातला सर्वांत ठळक प्रयोग म्हणजे भीमथडी जत्रा होय. माळेगावजवळच्या शारदानगर येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने, सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने, २००६ मध्ये ती सुरू केली, आणि ती बारामतीत न भरवता पुण्यात, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या सिंचननगर मैदानावर डिसेंबरात भरवण्याची प्रथा पडली. जत्रा गावाकडच्या नावाची आणि गिऱ्हाईक शहराचे, ही यातली खरी चतुराई. बचत गटांच्या, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम साठवून त्यातूनच एकमेकींना कर्ज देणाऱ्या दहा-वीस बायकांच्या गटांच्या, मालाला तिथे थेट ग्राहक मिळतो. बहुतेकांना जत्रा आठवते ती मासवडी आणि मांड्यांसाठी, आणि शिवणाच्या स्टॉलपेक्षा चुलीपुढची रांग नेहमीच लांब असते. पण रांगेत पोट भरून निघालेली माणसे पुढे सावकाश फिरतात, हेही विकणारीने ध्यानात घ्यायचे असते.

अशा स्टॉलवर गोधडी घेणारी बाई आधी ती उलटी करून पाहते. मागचा टाका पुढच्याइतका सरळ आहे का, गाठी लपवल्या आहेत का, दोरा ओढला तर कापड गोळा होते का, हे तपासून झाल्यावर रंग जातो का आणि मशीनमध्ये धुता येईल का, हे दोन प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे तोंडी देण्यापेक्षा विक्रीस ठेवलेल्या मालातलीच एक गोधडी पाच-सहा वेळा धुऊन नमुना म्हणून शेजारी ठेवणे जास्त परिणामकारक ठरते. चार-पाच दिवसांतली विक्री ही स्टॉलची निम्मीच कमाई असते. उरलेली निम्मी म्हणजे कोणता रंग पहिल्या दिवशी संपला आणि कोणता शेवटपर्यंत घडीत पडून राहिला याची नोंद, आणि फोन क्रमांकांची वही.

विक्रीचे वेळापत्रक बाळाभोवतीचे विधी ठरवतात. डोहाळजेवण, बारसे, उष्टावण, जावळ हे वर्षभर विखुरलेले असतात, पण बोरन्हाण मात्र संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत एकवटते, आणि त्यासाठी लागणारे काळे झबले, खणाची कुंची किंवा हलव्याचे दागिने यांचा माल डिसेंबरच्या मध्यापर्यंत तयार नसेल तर वर्ष वाया जाते. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी काळ्या झबल्याला कोणी विचारत नाही. स्थानिक गिऱ्हाइकाचा हात सैल सुटतो तो उसाच्या पैशावर. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक असल्याने, निदान कागदावर तरी, संक्रांतीच्या सुमारास गावात रोकड असते.

हंगामी विक्रीमुळे भांडवलाचा प्रश्न टोकदार होतो, कारण कापड श्रावणात घ्यावे लागते आणि पैसे पौषात येतात. हंगामापर्यंत कर्जावर तगण्याचा प्रश्न या भागाला नवा नाही. ब्रिटिश काळात भीमथडी आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे शेजारशेजारचे तालुके होते, आणि भीमथडीतल्या सुपे गावी, जे आज बारामती तालुक्यात आहे, १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून खतेपत्रे जाळली, तिथूनच दख्खनचे दंगे पेटले. आजच्या सुप्यातल्या बाईला बचत गटाचे कर्ज मिळते, ही सुधारणा थोर आहे. मात्र हप्ता दरमहा द्यायचा असतो आणि हंगामी वस्तू वर्षातून दीड महिना खपते, हे गणित गटाच्या बैठकीत क्वचितच मांडले जाते.

किंमत ठरवताना घरच्या वेळेचा हिशेब धरला जात नाही, हा या धंद्यातला सर्वांत महाग दोष आहे. बारामतीच्या हाय-टेक टेक्स्टाइल पार्कसारख्या ठिकाणी चालणाऱ्या तयार कपड्यांच्या उद्योगात प्रत्येक शिवणीला ‘प्रमाणित मिनिटे’ लावलेली असतात. म्हणजे कॉलर जोडायला किंवा काजे करायला सरासरी कामगाराला किती वेळ लागावा हे मोजून त्यावरून नगाचा खर्च काढतात. घरी शिवणारी बाई मात्र कापड आणि दोऱ्याचे पैसे जोडते आणि दुपारचे तास फुकटात देऊन टाकते. उदाहरणादाखल, तीन फूट बाय तीन फुटांच्या गोधडीला कापड-दोऱ्याचे २०० रुपये, बारा तासांचे ताशी ६० प्रमाणे ७२० आणि बांधणीचे ३० धरले, तर ती ९५० रुपयांना पडते. ती १,२०० ला विकली तरी वरचे २५० हा निव्वळ नफा नव्हे, कारण एसटीचे भाडे, स्टॉलचा खर्च आणि डाग पडून बाद झालेला नग त्यातूनच भागवायचा असतो. हाच नग शहरातल्या दुकानदाराने तीस टक्के कापून घेतला, तर हाती ८४० येतात, त्यातून सामानाचे २३० वजा जाता बारा तासांचे ६१० उरतात, म्हणजे तासाला ५१ रुपयेच पडतात. दुकानदाराला माल देऊ नये असा याचा अर्थ नाही. किंमत ठरवतानाच त्याचा वाटा धरलेला असावा, एवढाच आहे.

वस्तू कायद्याच्या कोणत्या कप्प्यात पडते हे तिच्या बारीक तपशिलावर ठरते. गोधडी हे पांघरूण आहे. पण पाळण्यावर टांगायचे चिमणाळे किंवा चिंध्यांची बाहुली हे खेळणे आहे. २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पुढे दुरुस्ती होऊन केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट मिळाली, म्हणून त्या कार्यालयाचे कारागीर ओळखपत्र आहे की नाही, यावर बाहुली कायदेशीरपणे विकता येते की नाही हे अवलंबून राहते. सूट असली तरी सुरक्षिततेचा विचार सुटत नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतला कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावता कामा नये, अशी मानकातली कसोटी आहे, आणि कुंचीवर हौसेने लावलेले मणी, घुंगरू, आरसे हे सगळे त्या नळीत सहज मावतात. वर्षाच्या आतील झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ सुटे पांघरूण नसावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ही सूचना गोधडीच्या चिठ्ठीवर छापल्याने विक्री घटेल ही भीती व्यर्थ असून, काळजी घेणाऱ्या आईच्या मनात विक्रेतीबद्दल भरवसाच वाढतो.

ऑनलाइन विक्रीचा मोह पडतो, पण तिथे वस्तू हाताला लागत नाही, म्हणून छायाचित्रात उलट बाजू, टाक्याचा जवळून काढलेला फोटो आणि लांबी-रुंदी दाखवणे भाग असते. ई-कॉमर्स कंपनीच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याला पूर्वी जीएसटी नोंदणी घ्यावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या मर्यादेखालील विक्रेत्याला केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्या राज्यापुरता माल विकता येतो, मात्र बंगळुरूच्या नातीला पाठवायची ऑर्डर त्या मार्गाने घेता येत नाही. कुरिअरचे गणित याहून फसवे आहे. खासगी कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात, आणि आकारमानाचे वजन म्हणजे सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार भागिले पाच हजार. पाऊण किलोची गोधडी ४० बाय ३० बाय १२ च्या खोक्यात घातली तर तिचे भाडे जवळजवळ तीन किलोंचे लागते, आणि तीच दाबून ५ सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात बसवली तर सव्वा किलोच्या आत.

एका घरात बारसे वारंवार होत नसल्याने तेच गिऱ्हाईक परत येण्याची शक्यता कमी असते, आणि यावर सापडलेला सर्वांत चांगला तोडगा म्हणजे गिऱ्हाइकाच्याच घरातल्या साड्यांची गोधडी शिवून देणे. आजीच्या इरकलीची किंवा पणजीच्या लुगड्याची गोधडी बाजारातल्या दुसऱ्या कोणत्याही गोधडीशी ताडून पाहता येत नाही, त्यामुळे घासाघीस थांबते आणि शिलाईच्या तासांचे पूर्ण पैसे मिळतात; कापडाचे भांडवलही गुंतवावे लागत नाही. जोखीम मात्र मोठी, कारण जुने कापड घडीवर जिरलेले असते, कात्री लागताच फाटते, आणि ते भरून देता येत नाही. म्हणून साडी हाती येताच उजेडावर धरून तिचे दोन्ही पदर आणि काठ तपासावेत, विरलेल्या जागांचे फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवावेत, कोणता भाग वापरता येणार नाही हे कळवून तिची लेखी संमती आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि उरलेले तुकडे, कितीही लहान असले तरी, गोधडीसोबत परत करावेत.