विहिरीतला सुरुंग

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही वैशाखात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. येथल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते प्रामुख्याने भेगांत. साहजिकच विहीर खोल करायची तर सुरुंग लावावा लागतो. पाणी लागले की गाव आनंदते. सुरुंगाच्या दारूचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

खडक फोडण्याच्या आजच्या बहुतेक स्फोटकांचा मुख्य घटक म्हणजे अमोनियम नायट्रेट. त्याचा न जळलेला अंश पाण्यात सहज विरघळतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. कारण त्यामुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट पाणी आटून तो वाढतो.

एका विहिरीतला हा अंश अल्प असतो. उपसा केल्यास बराचसा निघून जातो. स्फोटकांच्या कारखान्यातील सांडपाण्याचा प्रश्न याहून कितीतरी मोठा आहे. नागपूरजवळील बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी ९, तर भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी ८ कामगार स्फोटात दगावले, हे साऱ्या देशाने ऐकले. जमिनीत झिरपणाऱ्या सांडपाण्याला असा आवाज नसतो.

अमेरिकेतील केप कॉड येथे लष्करी सरावाच्या मैदानातून आरडीएक्स भूजलात उतरले. १९९७ साली तेथील गोळीबार सरकारी आदेशाने थांबला. पण पाणी उपसून, सक्रिय कोळशातून गाळून पुन्हा जमिनीत सोडण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. तेथली जमीन वाळूची होती. आपल्या कातळात पाणी कोणत्या भेगेने कुठे गेले, हे शोधणेच कठीण. शिवाय नायट्रेट कोळशाला दाद देत नाही. त्यासाठी जिवाणूंची किंवा आयन-विनिमयाची प्रक्रिया लागते. म्हणूनच शुद्धीकरण व्हायला हवे ते कारखान्याच्या आवारात, सांडपाणी बाहेर पडण्यापूर्वी.

तेव्हा दोन गोष्टी तरी व्हाव्यात. सुरुंग लावलेली विहीर पुरती उपसून, पाणी तपासूनच गावाच्या हवाली करावी. आणि स्फोटकांच्या कारखान्यांभोवतालच्या विहिरींची तपासणी नियमित होऊन तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. मोखाड्याच्या बाईने कोसभर चालून आणलेला हंडा निर्धोक असावा, एवढे तरी तिला मिळायलाच हवे.