पुस्तके बदलली, प्रश्नपत्रिकेचे काय?

शालेय इतिहासातून काय वगळले आणि काय घातले, यावर आपल्याकडे जेवढी शाई खर्च होते, तेवढी ते पुस्तक वर्गात उघडल्यानंतर काय घडते यावर होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२४ मध्ये सहावीचे आणि २०२५ मध्ये सातवी-आठवीचे सामाजिक शास्त्रांचे नवे पुस्तक आणले. इतिहास, भूगोल आणि सामाजिक-राजकीय जीवन यांची पूर्वी स्वतंत्र पुस्तके होती. आता ती एकत्र झाली आहेत. दिल्ली सल्तनत आणि मोगल सातवीतून आठवीत गेले, तेथे त्यांच्यासोबत इतिहासातील अंधाऱ्या कालखंडांविषयीचे एक टिपणही आले आणि अपेक्षेप्रमाणे वाद झाला. कोणत्या राजवटीला किती पाने, हा प्रश्न गैरलागू नाही. मात्र तेवढ्यावरच थांबणारी चर्चा बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याला विसरूनच चाललेली असते.

याच आठवीच्या पुस्तकातील मराठा साम्राज्याच्या नकाशाचे उदाहरण घ्यावे. त्यात जैसलमेर मराठ्यांच्या अमलाखाली दाखवल्याबद्दल तेथील माजी राजघराण्याच्या वंशजांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आक्षेप घेतला. परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. नकाशा बरोबर की चूक, हे तज्ज्ञ ठरवतील. पण अठराव्या शतकातील सत्तेची सीमारेषा मुळात काढायची कशी? जेथून चौथाई वसूल होई तो प्रदेश, जेथील राजा मांडलिक होता तो प्रदेश आणि जेथे थेट कमाविसदार बसला होता तो प्रदेश, या तिन्हींना एकच रंग द्यावा काय? हा प्रश्न आठवीच्या विद्यार्थ्याला सहज पेलणारा आहे. दोन वेगवेगळे नकाशे आणि त्या काळातील एखादे पत्र शेजारी शेजारी ठेवले, तर नकाशा हेदेखील कोणीतरी पुराव्याच्या आधारे केलेले विधान असते, हे त्याला उमजेल. दुरुस्त केलेला नकाशा पुन्हा पाठच करायचा असेल, तर दुरुस्तीने ज्ञानात भर पडेल, समजेत नाही.

नागरिकशास्त्राची कथा याहून बोलकी आहे. ब्रिटिश राजवटीत हा विषय आला तो प्रजेला आज्ञाधारकपणाचे धडे देण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली. पाठ मात्र पदे, पात्रता आणि मुदती यांच्या याद्यांतच रुतून राहिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ही चाकोरी मोडण्याचा गंभीर प्रयत्न झाला. सहावीच्या पुस्तकात ग्रामीण प्रशासनाचा पाठ सुरू होई तो दोन शेतकऱ्यांच्या बांधावरील भांडणाने. मग ठाणे कोणते, तक्रार कोणी नोंदवायची, पटवाऱ्याचे दप्तर काय सांगते, असा तो पुढे जाई. सातवीत हकीम शेख या शेतमजुराचे प्रकरण होते. १९९२ मध्ये धावत्या रेल्वेतून पडून जखमी झालेल्या या माणसाला सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवले. वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. अनुच्छेद २१ ची व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी ती परीक्षेनंतर विसरेल. हकीम शेखला विसरणे अवघड आहे.

नव्या पुस्तकांनी ही वाट पूर्णपणे सोडली आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सहावीत तळागाळातील लोकशाहीवर तीन प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ‘मोठे प्रश्न’ मांडलेले आहेत. उणीव राहते ती पुस्तकाबाहेर. पानावरचा मोठा प्रश्न परीक्षेत येणार नसेल, तर वर्गात त्यावर तास घालवणारा शिक्षक विरळाच.

हे मध्य प्रदेशात फार पूर्वी ओळखले गेले होते. ‘एकलव्य’ या संस्थेने १९८० च्या दशकात तेथील मोजक्या शाळांमध्ये सहावी ते आठवीसाठी सामाजिक अध्ययनाची नवी पुस्तके वापरून पाहिली. त्यांची खरी धिटाई परीक्षेत होती. विद्यार्थ्यांनी पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची! सनावळी समोरच असल्याने ती विचारण्यात अर्थ उरला नाही. कारण शोधा, तुलना करा, मत द्या आणि त्याचा आधार सांगा, असेच प्रश्न काढावे लागले. २००२ मध्ये शासनाने हे प्रयोग थांबवले. त्यांचा ठसा पुढे राष्ट्रीय पुस्तकांवर उमटला, पण त्यांची परीक्षापद्धती मागेच राहिली.

आज हा धागा पुन्हा हाती घेण्याची संधी आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण करण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार या परीक्षा क्षमतांवर आधारित असाव्यात, स्मरणशक्तीवर नव्हे. शब्द उत्तम आहेत. पण शिक्षकाला तसे प्रश्न काढण्याचे प्रशिक्षण आणि नमुना प्रश्नसंच मिळाले नाहीत, तर जुनीच प्रश्नपत्रिका नव्या नावाने येईल आणि तीत मुले नापासही होतील.

साधनांसाठी मोठा खर्च लागत नाही. ग्रामसभेची सूचना, शिधावाटप दुकानावरील दरफलक, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचे एक पान, अभिलेखागारातील एखाद्या अर्जाची प्रत, घटना समितीतील चर्चेचा एक उतारा, एवढ्या शिदोरीवर वर्षभराचे नागरिकशास्त्र उभे राहू शकते. राज्यांच्या शैक्षणिक परिषदांनी हे साहित्य आपापल्या भाषांत आणि जिल्ह्यांच्या संदर्भात तयार करून द्यावे. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने त्यांना दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंतच आहे. त्यानंतर शाळा सुटणाऱ्या मुलामुलींसाठी राज्यसंस्थेशी झालेली ही पहिली आणि अखेरची शालेय ओळख असते. पुढे त्यांना रुग्णालयाच्या दारात, तलाठ्याच्या किंवा पटवाऱ्याच्या कचेरीत आणि मतदान केंद्रावर उभे राहायचे आहे. तेथे घराण्यांची यादी कामी येत नाही. समोरचा कागद वाचून ‘याला आधार काय?’ असे विचारण्याची सवय कामी येते. ती लावणारी प्रश्नपत्रिका जोवर येत नाही, तोवर पाठ्यपुस्तकांवरील प्रत्येक वाद मोठ्या माणसांचाच राहील.