पट्टी सोडलेली भाग्यदेवता

युरोपीय रूपकचित्रांत नशीब बहुधा बाईच्या रूपात येते. ही रोमनांची देवता फोर्तूना. प्राचीन मूर्तींत तिच्या हाती सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेले समृद्धीचे शिंग असे. वाट दाखवणारीही तीच, देणारीही तीच. चाक तिची मुख्य खूण झाले ते पुढे. इ.स. 524च्या सुमारास तुरुंगात मृत्यूची वाट पाहत रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने लिहिलेल्या ग्रंथातून ते मध्ययुगीन हस्तलिखितांत पसरले. त्यावर चार माणसे असतात : वर चढणारा, माथ्यावर मुकुट घालून बसलेला, घसरणारा आणि तळाशी आपटलेला.

प्रबोधनकाळातल्या चित्रकारांना चाकापेक्षा गोल अधिक भावला. चाक निदान ठरल्या वाटेने फिरते, गोल कुठेही घरंगळतो. फेरारा दरबारच्या दोस्सो दोस्सीने 1530च्या दशकात फोर्तूनाला चक्क बुडबुड्यावर बसवले. मागे वाऱ्याने फुगलेले वस्त्र, पायात एकच जोडा. म्हणजे ती सुदैवासारखेच दुर्दैवही देऊ शकते. तिच्याजवळचा पुरुष सोडतीच्या चिठ्ठ्या सोनेरी कलशात टाकण्याच्या बेतात आहे. अशा चिठ्ठ्यांची जुडी हे मांतुआच्या इसाबेला देस्ते हिचे बोधचिन्ह होते.

फोर्तूनाच्या डोळ्यांवर पुष्कळदा पट्टी असते. न बघता वाटते म्हणून नालायकांनाही मिळते, असा पट्टीचा अर्थ. त्यात देवतेला माफीही आहे. साल्वातोर रोझाने 1658-59च्या सुमारास ही सोयच काढून घेतली. त्याची फोर्तूना उघड्या डोळ्यांनी शिंगातले वैभव जनावरांवर ओतते. लाल झूल पांघरलेल्या गाढवात कार्डिनल ओळखू येतो, आणि डुकराच्या खुराखाली गुलाब आहे. रोझा म्हणजे गुलाब, तेव्हा हा चित्रकार स्वतःच. पोप अलेक्झांडर सातवा याच्या कलाश्रयावरचा हा टोला रोममध्ये सर्वांसमोर मांडला गेला, तेव्हा रोझावर तुरुंगात जायची पाळी आली. त्याला वाचवले ते पोपच्याच भावाने, मारिओ कीजीने. दोस्सी आणि रोझा या दोघांचीही चित्रे आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहेत.

चाक मात्र मोडीत निघाले नाही. एडवर्ड बर्न-जोन्सने 1883मध्ये पूर्ण केलेल्या चित्रात ते पुन्हा दिसते. त्यावर गुलाम, राजा आणि कवी आहेत, आणि सर्वांत वर गुलाम आहे. हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.