‘मी’ कोणाचा? : लेखक आणि निवेदक

लोधिवलीच्या आमच्या वाचनवर्गात बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचून झाली. एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले, “बागुलांनी परगावी जात लपवली.” चूक लहान दिसते, पण वाङ्मय वाचू पाहणाऱ्याने ती आधी दुरुस्त करावी.

पुस्तक लिहितो तो लेखक. पुस्तकात आपल्याशी बोलतो तो निवेदक. १९६३च्या संग्रहातील या कथेतला ‘मी’ हा निवेदक आहे. त्याला लेखकाच्या जगण्यातले काही मिळालेही असेल. तरी कथा ही रचना आहे. म्हणून ‘हे बागुलांचेच घडले का?’ असे न विचारता, हा ‘मी’ काय लपवतो आणि कोणती समाजव्यवस्था त्याला लपवायला लावते, हे विचारावे.

आत्मकथनात ‘मी’ म्हणजे मीच, हे मी जगलो आहे, अशी लेखकाची ग्वाही असते. तरी तेथेही ही संज्ञा उपयोगी पडते. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच; पण महारवाड्यात वाढलेला दगडू आणि शिकून पांढरपेशा झालेला दया पवार यांच्यात एक दुखरे अंतर पडले आहे. ते अंतर दाखवण्यासाठीच ही योजना आहे. ‘दलितांचे लेखन म्हणजे नुसते अनुभव, त्यात कला कुठली?’ असे प्रस्थापित समीक्षा विचारीत आली. निवेदक कोण, तो कोणाशी बोलतो, हे लेखक ठरवतो. कला असते ती याच निवडीत.

आमच्या वर्गात एक कातकरी मुलगी आहे. वीटभट्टीवरचे दिवस तिची आई सांगते, ती उतरवून घेते. तिने विचारले, “सर, ‘मी’ लिहू की ‘आई’?”

मी म्हणालो, “निवेदक आई आहे. तिचा ‘मी’ आणि तिची बोली तशीच ठेव.”

“मग लेखक म्हणून नाव कोणाचं?”

व्याख्येप्रमाणे तिचे एकटीचे. पण सांगणारीचे नाव पुसून लिहिणारीचेच ठेवणे मला रुचेना. “दोघींचं घाल,” मी म्हणालो, “आणि आईचं आधी.”