गळेकापू स्पर्धा : थोडे गणित, थोडा विचार

वैद्यकीय प्रवेशाचा विषय निघाला की 'गळेकापू स्पर्धा' हा शब्द आपोआप तोंडी येतो. तो इतका गुळगुळीत झाला आहे की गळा कोणाचा आणि सुरी कोणाच्या हाती, हे कोणी विचारीत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत पडावे कशाला, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. परंतु वाशिंदहून रोज कल्याणकडे येणाऱ्या आम्हा मंडळींचा अर्धा संसार लोकलच्या दारातच होतो, आणि त्या दारात माझ्या आजूबाजूला उभी असलेली निम्मी मुले 'नीट'ची असतात. त्यांचे बोलणे कानावर पडून पडून मलाही या परीक्षेची बाराखडी येऊ लागली आहे.

त्यांच्यात दोन प्रकार आहेत. एक मुलगा क्लासच्या नोट्स पिशवीच्या तळाशी ठेवतो आणि कोणी विचारले तर 'अजून वाचलंच नाही रे' असे सांगतो. रात्री दोनपर्यंत त्याच्या घरातला दिवा जळत असतो, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. दुसरी मुरबाडकडची एक मुलगी आहे. सध्या ती वाशिंदला मामाकडे राहते. आसनगाव–वाशिंदपासून कल्याण येईपर्यंत ती चार जणांना सेंद्रिय रसायनशास्त्र समजावून सांगत असते. एकदा मी तिला विचारले, "हे सगळे तुझे प्रतिस्पर्धी ना?" ती म्हणाली, "समजावताना अडखळले की मला कळतं, माझं कुठे कच्चं आहे ते."

आता गणित पाहू. २०२४ साली 'नीट'ला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या खासगी महाविद्यालयांत. म्हणजे सरासरीने वीस-बावीस जणांत एक. शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात हे खरे, पण एकट्या महाराष्ट्रातूनच त्या वर्षी अडीच लाखांहून जास्त नावे नोंदली होती. अशा गर्दीत शेजाऱ्यापासून वही लपवून ठेवली, तर फायदा किती? तो शेजारी आपल्या पुढे जाणार होता असे जरी धरले, तरी क्रमांक एकाने वर सरकतो. अडीच लाखांत एकाने! आणि त्यापायी घालवायचा काय, तर शंका विचारण्याजोगा एकुलता एक जवळचा माणूस. किराणा दुकानदारसुद्धा असा व्यवहार करणार नाही.

ही वृत्ती आली कुठून, याला मात्र थोडा इतिहास आहे. जुन्या पद्धतीत इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरे. पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि मग बारावीचे भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे गुण निर्णायक ठरले. त्या गुणांत प्रात्यक्षिकाचाही वाटा असे. प्रयोगशाळा एक, परीक्षकांची नजर एक, आणि एकाच बाकावरच्या मुलांची तुलना तिथल्या तिथे होणार. तेव्हा जर्नल दडवून ठेवणे, दुसऱ्याच्या द्रावणात पाणी ओतणे या गोष्टींना निदान काहीएक हिशेब होता, नीच असला तरी. एका ग्रंथालयात मी प्राणिशास्त्राचे एक जुने पुस्तक चाळले होते. त्यातल्या हृदयाच्या आकृतीचे पान कोणी ब्लेडने इतक्या सफाईने कापून नेले होते की तो इसम पुढे सर्जन झाला असावा.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस राज्याची सीईटी आली आणि पुढे 'नीट' आली. २०१३ साली ती प्रथम झाली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द ठरली, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने परत आली. प्रात्यक्षिकाचे गुण आता प्रवेशात मोजले जात नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याच्या परीक्षानळीवर कोणाचा डोळा राहिला नाही हे चांगले झाले, पण प्रयोगशाळेकडे जाणारी पावलेही थांबली. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुक्काम क्लासमध्ये, असा प्रकार इतका वाढला की २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा उमटवून मुले पुन्हा क्लासला जातात, हा भाग वेगळा.

आता खऱ्या सुरीकडे वळू. ती शेजाऱ्याच्या हाती नव्हतीच. 'नीट'मध्ये १८० प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, चुकल्यास १ वजा. सगळे बरोबर आले तर ७२०. एक प्रश्न सोडून दिला तर ७१६. एक चुकला तर ४ गेले आणि वर १ कापला, म्हणजे ७१५. मधले ७१९ किंवा ७१८ हे आकडे या पद्धतीने येऊच शकत नाहीत. ४ जून २०२४ रोजी निकाल लागला आणि नेमके तेच आकडे काही गुणपत्रिकांवर दिसले, तेव्हा हे गणित जाणणाऱ्या मुलांनीच प्रथम आरडाओरड केली. मग उघड झाले की काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ते काढून घेतले गेले आणि २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली गेली. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे आधी ६७ होते. भौतिकशास्त्राच्या एका वादग्रस्त प्रश्नाचा निवाडा झाल्यावर अखेरीस १७ उरले. पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, मात्र संपूर्ण परीक्षा रद्द करण्याइतका तो प्रकार सर्वदूर पसरल्याचे दिसत नाही, असे म्हणून २३ जुलैला फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. या प्रकरणी गुन्हा आपल्या लातुरातही नोंदला गेला. ज्या लातूरने अभ्यासक्रम लवकर संपवून उरलेले महिने सराव परीक्षांना देण्याची रीत साऱ्या महाराष्ट्राला शिकवली, त्या गावाचे नाव अशा बातमीत वाचताना वाईट वाटले.

पेपर विकत घेणारा ज्याचा गळा कापतो, त्याला तो कधी पाहत नाही. तो मुलगा डोळखांबचा असेल नाहीतर गोंदियाचा. आपले कुठे चुकले हे शोधत तो पुन्हा एक वर्ष क्लासची फी भरतो. राजस्थानातील कोटा शहरात २०२३ साली वसतिगृहांच्या छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश प्रशासनाने काढला, मुलांनी गळफास घेऊ नये म्हणून. गळ्याशी संबंध आलाच तर तो असा.

निष्ठेने केलेला अभ्यास म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बोट दाखवीन. गरिबीत, पडेल ते काम करीत नागपूरला एम.बी.बी.एस. केलेला हा माणूस १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत. विंचू म्हणजे नुसत्या वेदना अशी समजूत असल्याने पुस्तकांत फारसे काही नव्हते. बावस्कर रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करीत राहिले. या विषाने हृदय कोलमडते, फुप्फुसांत पाणी साचते आणि माणूस जातो, हे त्यांच्या ध्यानी आले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले, आणि गंभीर रोग्यांत शेकडा चाळिसाच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एक-दोनावर आले. तिथे कोणी प्रतिस्पर्धी नव्हता. दुसरा डॉक्टरच नव्हता. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शहापूर-मुरबाडच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. भात झोडताना, पेंढ्याची उडवी रचताना हात कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि रात्रीच्या वेळी पाड्यावरून शहापूरचे रुग्णालय गाठायला गाडी मिळेलच असे नाही. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी विंचवाच्या विषावरचे प्रतिविष प्राझोसिनबरोबर देऊन पाहिले आणि एकट्या प्राझोसिनपेक्षा रोगी लवकर सावरतो हे २०११ साली प्रसिद्ध केले. तो प्रयोगही त्यांनी महाडमध्येच, आपल्या रुग्णालयात केला.