टोमॅटोला उसाचं खत

कोल्हापुरात ज्याच्या घराला परडं आहे त्याच्या परड्यात टोमॅटोची चार रोपं असतात, आणि ज्याचं गाव जवळ आहे त्याच्याकडे युरियाचं गाठोडंही असतं. उसाला टाकून उरलेला, मेहुण्यानं एस. टी.तून धाडलेला! रोप जरा मंदावलं की त्यातली एक मूठ बुंध्याशी पडते. झाड गर्द हिरवं होऊन कमरेएवढं वाढतं, शेजारीपाजारी कौतुक करतात. फुलं मात्र येत नाहीत, आली तर गळतात. नत्रानं पाला वाढतो. उसात आपण कांडं विकतो, टोमॅटोत आपल्याला फळ हवं असतं.

मूठ म्हणजे किती, याचा हिशेब मांडून पाहावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची सरळ वाणांसाठी शिफारस आहे हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश. म्हणजे एका चौरस मीटरला २० ग्रॅम नत्र. युरियात नत्र ४६ टक्के. तेव्हा युरिया झाला सुमारे ४३ ग्रॅम, तोही साऱ्या हंगामाचा, हप्त्याहप्त्यानं द्यायचा. तेवढ्या जागेत तीन रोपं धरली तर एकेकाच्या वाट्याला १४ ग्रॅम. मोठ्या माणसाची एकच मूठ याच्या दुप्पट सहज भरते.

दुसरी तक्रार काळ्या बुडाची. फळ लिंबाएवढं झालं की खालून चामड्यासारखा काळा डाग पडतो. ही कीड नव्हे, बुरशीही नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नसतं. मग कोणी अंड्याची टरफलं पुरतो, कोणी चुना टाकतो. पण पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत चुना मुळात असतोच. तिजोरीत रोकड आहे, खिडकीवर मिळत नाही, असला हा प्रकार. (बँकेत हयात गेलेल्याला दुसरी उपमा कुठून सुचणार?) कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी बादली ओतली की पुरवठा तुटतो. नत्र किंवा पालाश जास्त झालं तरी तेच.

राधानगरी-गगनबावड्याकडच्या लाल, जांभ्या मातीतला चुना मात्र पावसानं धुऊन नेलेला असतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख तिथं बेतानं घातली तर उपयोगी पडेल. काळ्या मातीत तीच राख लोह अडवते. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा युरिया!

शेतकऱ्यांना २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागली. परड्याची माती तपासायचं कोणाच्या मनातही येत नाही. चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलो मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी. टोमॅटोला सामू सहा ते सातच्या दरम्यान मानवतो.

शिरोळ तालुक्यात पाण्याला आणि खताला हात सैल सोडल्यानं सोन्यासारख्या जमिनी क्षारपड झाल्या. कुंडीत हे एका उन्हाळ्यातही घडतं. मातीवर पांढरा थर धरतो. तो दिसला की खत बंद करावं, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत गोडं पाणी घालावं, आणि महिनाभर नुसतं चांगलं कुजलेलं शेणखत, तेही ओंजळभरच.